जालावर सापडलेलं नवल गटात मांडायचं कसं

कुठलाही जुना व्हॉट्सअ‍ॅप गट सकाळी उघडून पाहा. फुलं, सुविचार, वाफाळता चहा येऊन गेलेला असतो. त्याच्या खाली कुणीतरी एक दुवा डकवलेला असतो आणि सोबत एकच शब्द, 'अप्रतिम!' दोन-चार अंगठे येतात, एखादे जोडलेले हात येतात आणि विषय तिथेच आटोपतो. दुवा चांगला असला तरी तेच, टुकार असला तरी तेच.

तुम्ही एखाद्या गटात नवे असाल, जालावर भटकायची खोड असेल आणि सापडलेल्या गोष्टींवर लोकांनी चार शब्द बोलावेत असं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी. गट शाळेचा असो, सोसायटीचा असो, ट्रेकिंगचा असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर असो, टेलिग्रामवर असो की फेसबुकवर. रीत फारशी बदलत नाही.

आधी माझं मुख्य म्हणणं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या का आहेत ते कळेल. एखादी गोष्ट किती थक्क करणारी आहे यावर चर्चा ठरत नाही. थक्क झालेला माणूस 'बापरे' म्हणतो आणि पुढे सरकतो. ज्याच्याकडे त्या गोष्टीत घालायला स्वतःचं काहीतरी आहे, तो बोलतो. आजोळी ऐकलेली गोष्ट, ट्रंकेत पडलेला कागद, धंद्यातला अनुभव, गावातलं ठिकाण, काहीही. तेव्हा नवल निवडताना 'हे किती भारी आहे' एवढ्यावर थांबू नका. या गटातल्या कुणाच्या घरात याचं दुसरं टोक सापडेल, हे बघा.

पायरी १: काही दिवस नुसतं वाचा

गटात आल्या आल्या काही टाकू नका. कोण बोलतं, कोण वाचनमात्र असतं, कुणाचं आजोळ कोकणात आहे, कोण रेल्वेतून निवृत्त झालंय, कोण पंचांग बघतं, ते हळूहळू कळतं. कुठल्या विषयावर या आधी धुमश्चक्री झालीय तेही कळतं. अ‍ॅडमिनने घालून दिलेले नियम वर पिन केलेले असतात. ते वाचणारा माणूस विरळा, पण तुम्ही वाचा.

पायरी २: शोधायला योग्य जागी जा

इतरांनी ढकललेलं पुढे ढकलणं म्हणजे शोधणं नव्हे. स्वतः खणायचं असेल तर आपल्यासाठी काही खाणी उत्तम आहेत, आणि बहुतेक फुकट आहेत.

पहिली म्हणजे गॅझेटिअर. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांचे जाडजूड खंड निघाले. रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, नाशिकचा १८८३ चा, पुण्याचा १८८५ चा. महाराष्ट्र सरकारच्या दर्शनिका विभागाने ते जालावर ठेवलेत, इंटरनेट आर्काइव्ह या जालावरच्या फुकट ग्रंथसंग्रहातही सापडतात. त्यात पिकं, मासे, नावा, नदी-खाडीवरच्या तरी, आठवडी बाजार, मजुरीचे दर, घाटरस्ते, देवळं असं सगळं गावागणिक आहे. गटातले बरेच जण एकाच तालुक्यातले असतील तर त्या तालुक्याचा एक परिच्छेद उचला. जगातल्या सात आश्चर्यांपेक्षा 'आपल्या गावच्या बाजाराचा वार तेव्हा कोणता होता' हे जास्त बोलतं करतं. एक इशारा मात्र आत्ताच देतो. त्याच खंडांत जातींची वर्णनं आहेत आणि ती साहेबी चष्म्यातून, कित्येकदा अपमानकारक शब्दांत लिहिलेली आहेत. तो भाग 'बघा काय लिहिलंय' म्हणून नुसता चिकटवलात तर चर्चा होणार नाही, आग लागेल, आणि लावणारे तुम्ही असाल. त्याबद्दल खरोखर बोलायचं असेल तर ते कुणी, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं हे आधी मांडायची तयारी हवी.

दुसरी खाण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. आज्जीच्या तोंडी असलेला एखादा शब्द त्यात टाकून बघा. म्हणी, शेतीची अवजारं, दागिने, शिव्यासुद्धा त्यात आहेत.

तिसरी, इंटरनेट आर्काइव्ह. इथे मराठी पुस्तकांच्या हजारो प्रती आहेत, पण त्यांची नावं बहुधा रोमन लिपीत आणि वाटेल त्या स्पेलिंगने नोंदलेली असतात. देवनागरीत शोधून काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नका. 'ज्ञ' असलेलं नाव किमान तीन तऱ्हांनी लिहून पाहायचं, लेखकाचं आडनाव वेगळं टाकून पाहायचं. चिकाटी लागते.

बाकीच्यांची नुसती नावं सांगतो: राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल', वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, खुल्या चित्रांचा साठा असलेलं विकिमीडिया कॉमन्स, आणि जुन्या नकाशांसाठी डेव्हिड रमसे संग्रह. नकाशे गटात नेहमी चालतात. आपलं घर कुठे येतं हे शोधल्याशिवाय कुणाला राहवत नाही.

उपग्रहाची चित्रं हाही एक झरा आहे. गोव्यात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी गाव दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. जुने गावकरी मे महिन्यात तिथे जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचं देऊळ असंच कोरड्या सालात उघडं पडतं. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मागे-पुढे करता येतात. एक मे महिन्याचं आणि एक सप्टेंबरचं शेजारी ठेवलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. फक्त ध्यानात ठेवा, गटात त्या गावातून उठवलेल्या घरातलं कुणी असू शकतं. तुम्हाला जी गंमत वाटते ती त्यांच्यासाठी घर बुडाल्याची हकिकत असते. मथळ्यात 'अद्भुत', 'रहस्यमय' वगैरे घालू नका.

पायरी ३: टाकण्याआधी तपासा

इथे कंटाळा करणाऱ्याने पुढच्या पायऱ्या वाचू नयेत.

दिवाळीत अंतराळातून दिसणारा भारत हे चित्र तुम्ही पाहिलंच असेल. रंगीबेरंगी ठिपक्यांनी झगमगणारा देश, खाली 'नासाने टिपलेली आपली दिवाळी'. प्रत्यक्षात ते एका रात्रीचं छायाचित्रच नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतले शास्त्रज्ञ क्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये अनेक वर्षांची उपग्रह-माहिती एकत्र करून ते बनवलं, वस्ती कशी वाढत गेली हे दाखवण्यासाठी. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. नासाने २०१२ च्या दिवाळीतलं खरं चित्र देऊन खुलासाही केला. त्या खऱ्या चित्रात दिवाळी म्हणून वेगळं काही दिसत नाही. पणत्या आणि माळांचा उजेड रोजच्या उजेडापुढे इतका थोडा असतो की अंतराळातून फरक कळत नाही.

माझ्या मते खोट्या मजकुरापेक्षा हा खुलासा जास्त रंजक आहे. आपला जिल्हा कुठल्या रंगात आहे, १९९८ साली आपल्या गावात वीज होती का, यावर गटातली मंडळी तासभर बोलू शकतात. खोटं पकडलं म्हणजे विषय मेला असं होत नाही. पुष्कळदा खरा विषय तिथेच सुरू होतो.

तपासायची पद्धत साधी आहे. चित्र असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, किंवा टिनआय या चित्र शोधायच्या संकेतस्थळावर टाकून सर्वांत जुनं आधी लावा. ते पहिल्यांदा कधी दिसलं आणि तेव्हा खाली काय लिहिलं होतं ते बघा. लेख असेल तर शेवटपर्यंत वाचा; मथळा आणि मजकूर यांचं पटत नाही असं वारंवार आढळेल. तारीख बघा. 'युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं' हा निरोप वर्षानुवर्षं नव्याने जन्म घेतोय. युनेस्कोने असलं काही ठरवलेलं नाही. दिवंगत लेखकांच्या खात्यावर जमा होणाऱ्या सुवचनांची गतही तीच. पुस्तकाचं नाव आणि पान मिळत नसेल तर अवतरण टाकूच नका.

अलीकडे जुन्या मुंबई-पुण्याची म्हणून यंत्राने बनवलेली चित्रं फार फिरतात. दुकानांच्या पाट्या मोठ्या करून बघा. देवनागरी अक्षरं वितळल्यासारखी, शिरोरेघ आहे पण शब्द लागत नाही, असं दिसलं तर ते चित्र सोडून द्या. ट्रामची चाकं, टांग्याच्या घोड्याचे पाय, गर्दीतल्या माणसांची बोटं मोजा. चित्र रंगवलेलं असेल तर मूळ काळं-पांढरं शोधा आणि तेच टाका.

आणि व्हिडिओ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीत बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवरचे दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलण्याची मर्यादा घातली. आज फार फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाण दिसले की तो निरोप तुमचा शोध नाही, आणि बहुधा खात्रीचाही नाही. तो जाऊ द्या.

हक्कांचंही थोडं बघावं लागतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतात; २०१२ च्या कायदा-दुरुस्तीपासून छायाचित्रालाही हाच हिशेब, छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. त्याच्या आतलं काही असेल तर दुवा द्या, एखादं पान दाखवा, पण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ गटात सोडू नका. तसं करणाऱ्याला गटात फार दुवे मिळतात, म्हणजे आशीर्वादाचे. लेखकाच्या घरच्यांचं काय ते विचारू नका.

पायरी ४: मांडणी

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला कळलं की मुंबईला एके काळी स्वतःची वेगळी वेळ होती. नवखा माणूस बहुधा असं टाकतो:

'मित्रांनो, तुम्हाला हे माहीत आहे का??? मुंबईची वेळ भारतापेक्षा वेगळी होती!!! ९९ टक्के लोकांना माहीत नसलेली माहिती. नक्की वाचा व पुढे पाठवा.' खाली इंग्रजी लेखाचा दुवा.

यात वाचणाऱ्याला करण्यासारखं काय आहे? दुवा उघडायचा, इंग्रजी वाचायचं आणि मग 'हो, खरंच' म्हणायचं. कोण करेल? त्यातून '९९ टक्के' म्हणून तुम्ही आधीच त्याला अडाण्यांत काढलंय.

आता तेच असं लिहून बघा:

'जुन्या पत्रिकांत वेळेपुढे स्टँ. टा. असं का लिहायचे, हे मला आत्ता उमगलं. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने आपली जुनी वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची. स्टँडर्ड टाइमचे बारा वाजले की मुंबई टाइमचे ११ वाजून २१ मिनिटं. हा दुहेरी कारभार १९५५ पर्यंत चालला. म्हणजे आज ज्यांचं वय ८० च्या पुढे आहे त्यांनी लहानपणी तो पाहिलेला असणार. तुमच्या घरच्या एखाद्या कुंडलीत किंवा लग्नपत्रिकेत वेळ कशी लिहिलीय? सापडली तर बघून सांगा ना.' खाली दुवा, आणि 'लेख इंग्रजीत आहे, मुख्य मुद्दे वर दिलेत' एवढी ओळ.

दोन्हींत माहिती एकच. फरक कुठे पडला ते बघा. सुरुवात ओळखीच्या वस्तूने झाली, जी पुष्कळांनी पाहिलीय पण कधी विचार केला नाही. आकडा पडताळता येईल असा दिला. काळ आजच्या माणसांशी जोडला, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन करायला निमित्त मिळालं. आणि प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर गूगलवर नाही, कपाटात आहे.

'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न मी तरी कधीच विचारणार नाही. वाटण्यावर आलेली चर्चा दोन उत्तरांत राजकारणाकडे वळते. 'तुमच्याकडे काय आहे', 'तुमच्या भागात याला काय म्हणतात', 'हे कुणी वापरलेलं पाहिलंय का' असं विचारलं की माणसं आठवायला लागतात, आणि आठवणारा माणूस भांडायच्या मनःस्थितीत नसतो.

सगळंच एकदम ओतू नका. मुंबईच्या वेळेबद्दल अजून पुष्कळ आहे. प्रमाणवेळ येण्याआधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, तो मुंबई टाइमच्या अर्धा तास पुढे. म्हणजे शहराच्या घड्याळावर भरवसा ठेवून निघालेल्या माणसाची गाडी चुकायची सोय होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला आणि लोकांनी तो चालू दिला नाही. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ते ह्याच साहेबांच्या नावाचं. कलकत्त्याचीही आपली वेळ होती, प्रमाणवेळेच्या २४ मिनिटं पुढे, आणि ती १९४८ पर्यंत टिकली. हे सगळं हाताशी ठेवा, पण पहिल्या निरोपात घालू नका. चर्चा सुरू झाली की एकेक काढता येतं, आणि सुरू झालीच नाही तर चारशे शब्द वाया जात नाहीत. शिवाय सगळं तुम्हीच सांगून टाकलंत तर इतरांनी काय सांगायचं?

ह्या विषयात गटातला एखादा ज्योतिषवाला तुम्हाला हमखास शिकवून जाईल. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, देशभरची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. तेव्हा जन्मलेल्यांची कुंडली मांडताना तो तास वजा करावा लागतो. कुंडलीतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दोन तासांनी बदलतं, त्यामुळे मुंबई टाइमची ३९ मिनिटं इकडची तिकडे झाली तरी लग्नरास बदलू शकते. ज्योतिषावर तुमचा विश्वास असो वा नसो, जुन्या वेळांची बित्तंबातमी या मंडळींइतकी क्वचित कुणाकडे असते. 'हे थोतांड आहे' म्हणून त्याला तिथेच गप्प केलंत तर मग तेवढंही हाती लागणार नाही.

मांडणीबद्दल किरकोळ सूचना. चित्र आधी, मजकूर त्याच्या खालीच, वेगळ्या निरोपात नको. पुढे ढकलताना दोघांची ताटातूट होते. लांबी फोनच्या एका पडद्यात मावेल इतकी. उद्गारचिन्हं नकोत. इंग्रजी लेखाचं यंत्राकडून भाषांतर करून तसंच टाकू नका, आपल्या शब्दांत तीन-चार ओळी लिहा. एका दिवशी एकच गोष्ट. रोज तीन-चार गोष्टी ओतणाऱ्याला मराठी जालावर जिलब्या पाडणारा म्हणतात, आणि एकदा ते नाव पडलं की पुढचं सोनंही कुणी उघडून बघत नाही. वेळ रात्री जेवणानंतरची बरी. सकाळच्या फुलांच्या ढिगात काहीही टाकलं तरी दिसत नाही. परदेशात माणसं विखुरलेली असतील तर शनिवार-रविवार पाहा.

पायरी ५: टाकल्यावर पळून जाऊ नका

पहिला तासभर हाताशी राहा. पहिला प्रतिसाद आला की अंगठा देऊन मोकळं होऊ नका, त्यातलं काहीतरी पकडून पुढे विचारा. कुणी म्हणालं, 'आमच्या आजोबांची पत्रिका असेल बहुतेक माळ्यावर', तर 'वा, छान' म्हणून विषय बंद होतो. त्यापेक्षा 'काका, आजोबा मुंबईतच जन्मले होते का? मग तर वेळ नक्की दुहेरी असेल' असं लिहा. काका माळ्यावर चढतील की नाही ते त्यांचे गुडघे ठरवतील, पण दुसऱ्या कुणाला तरी आपल्या घरची पत्रिका आठवेल.

वयाने मोठ्या माणसांना 'अहो-जाहो'च करा, ते समवयस्कांत कितीही मोकळे असले तरी. शाळेच्या गटात 'अरे-तुरे' चालतं, तिथे 'आपण' म्हणालात तर हसतील. गटात जे सरसकट चालतं तेच धरा.

वाचनमात्र मंडळींना जाहीरपणे ओढू नका. 'कुणीच कसं बोलत नाही?' हा निरोप तर कधीच नको. काही गोष्टींना प्रतिसाद येत नाही, त्या बुडतात, बुडू द्या. आठवड्याभराने त्याच विषयात खरंच नवं काही सापडलं तरच पुन्हा काढा.

पायरी ६: वाद पेटला तर

पेटणारच. इतिहास, जात, देव, भाषेचं शुद्धलेखन आणि मिसळ कुठली चांगली, यांपैकी काहीतरी कुठूनही उगवतं. मिसळीचा वाद खुशाल चालू द्या. बाकीच्यांत एक उपाय बऱ्यापैकी चालतो: वाद घालणाऱ्या दोघांना सोडून तिसऱ्या कुणाला मूळ वस्तूबद्दल नेमका प्रश्न विचारायचा. 'मावशी, तुमच्याकडच्या पत्रिकेत साल कोणतं आहे?' असा. मावशींनी उत्तर दिलं की धागा परत रुळावर येतो. दोन वेळा करूनही जमलं नाही तर अ‍ॅडमिनला खाजगीत कळवा आणि तुम्ही गप्प बसा. शेवटचा शब्द आपला असावा ही हौस भल्याभल्यांना आवरत नाही.

ठिकाणांबद्दलही जपून. कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या उघड्या माळांवर कोरलेली कातळशिल्पं हा सध्या आवडता विषय आहे. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे आणि गोव्यातलं पणसायमळ अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. 'तुमच्या गावच्या सड्यावर असं काही आहे का' असं विचारलं तर कोकणातली मंडळी भरभरून सांगतील. अशा चित्रांची माहिती पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांकडे, गुराख्यांकडे आधीपासून होती, आणि अभ्यासक गावोगाव विचारत त्यांच्यापर्यंत पोचले. पण कुणी नवं, कुंपण नसलेलं ठिकाण सांगितलं तर त्याची नेमकी जागा गटात पसरू देऊ नका. खडूने रेषा भरणारे, गाड्या घालणारे आणि गुप्तधन खणणारे तिघेही गट वाचतात. जागा सांगायचीच तर पुरातत्त्व विभागाला सांगा.

पायरी ७: कुणी चूक दाखवली तर

आभार माना आणि मूळ निरोप दुरुस्त करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटं निरोप बदलता येतो. त्यानंतर मूळ निरोपालाच उत्तर जोडून दुरुस्ती लिहा, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतात. गुपचूप पुसून टाकलंत तर तोवर जिथे जिथे गेलं तिथे चुकीचंच राहतं.

पायरी ८: जमलेलं सांभाळून ठेवा

चांगली चर्चा झाली की दोन दिवसांत ती लग्नाच्या फोटोंखाली गाडली जाते. म्हणून एका वहीत किंवा फोनच्या नोंदींत तुमच्या शोधाचा दुवा, तारीख आणि लोकांनी घातलेली भर लिहून ठेवा. दुवे मरतात. पान हाताला लागलं त्याच दिवशी वेबॅक मशीनवर जतन करा. इंटरनेट आर्काइव्हच्या त्या पानावर पत्ता चिकटवून बटण दाबलं की झालं. पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडलं तरी प्रत राहते.

आठवडाभराने सगळ्या उत्तरांचा एक गोषवारा गटात टाका. कुणी काय सांगितलं ते नावानिशी लिहा, लोकांना आवडतं. गटाबाहेर न्यायचं असेल तर मात्र ज्याचं त्याला विचारा. पत्रिकेच्या फोटोत पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ, कधीकधी पत्ताही असतो. गटात तो जिव्हाळ्याने आलेला असतो, पण बाहेर तोच कागद फसवणाऱ्याच्या कामाचा ठरू शकतो. नावं झाकून मगच पुढे.

एखाद्याकडे खरोखर जुना फोटो किंवा छापील कागद निघाला आणि तो सगळ्यांसाठी खुला करायची त्याची तयारी असेल, तर विकिमीडिया कॉमन्सवर चढवायला मदत करा. हक्कांची ६० वर्षं उलटलीत ना ते आधी पाहायचं. फोनने फोटो काढून चालतं, पण उजेड बाजूने येऊ द्या आणि चारही कडा दिसू द्या. कापलेल्या कडेवरच बहुधा छापखान्याचं नाव असतं. वर्णन मराठीत लिहा, त्यात साल, गाव आणि कागद कशाचा आहे ते घाला. घरच्यांना नाव नको असेल तर 'खासगी संग्रह' एवढं पुरतं.